विश्लेषण : ‘दलित’ शब्द कुणाला हवा, कुणाला नको?

जनगणनेच्या दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी २०२७ मध्ये, प्रत्येक घरातील माणसांना त्यांची जात विचारली जाणार आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी होणार असल्याने कुणी काय सांगावे याचे सल्ले मोबाइलवरील गटांमध्ये फिरू लागले आहेत. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत ही चर्चा जास्त टोकदार आहे. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ सांगायचे, हे बहुतेकांचे पक्के आहे. घोडे अडते ते जातीच्या रकान्यात. तिथे ‘महार’ सांगायचे, पुन्हा ‘बौद्ध’च सांगायचे, ‘नवबौद्ध’ म्हणायचे, की जात सांगायचीच नाही? या सगळ्या उत्तरांत एक शब्द कुणीच सुचवत नाही, तो म्हणजे ‘दलित’. पन्नास वर्षांपूर्वी ज्या शब्दाखाली हजारो तरुण रस्त्यावर उतरले, साहित्याचा एक नवा प्रवाह उभा राहिला, तो आज सरकारी कागदावर चालत नाही, वाहिन्यांनी वापरू नये असा सल्ला दिला जातो आणि त्याच तरुणांच्या नातवंडांपैकी अनेकांना तो आपल्यासाठी नको आहे. काहींना मात्र तोच हवा आहे. असे का झाले?

‘दलित’ हा शब्द आला कुठून?

संस्कृतमधील ‘दल्’ या धातूपासून. फुटणे, चिरडले जाणे, तुकडे होणे असा त्याचा अर्थ. जात्यावर आपण जे ‘दळतो’ ते क्रियापदही त्याच कुळातले. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘दलित’चा अर्थ दळलेला, भरडलेला, तुकडे झालेला असाच दिलेला आहे, त्यात जातीचा संबंध नाही. तो संबंध जोडला गेला तो पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्रज सरकारच्या कागदपत्रांत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ असा शब्दप्रयोग होता. त्याला देशी भाषांत प्रतिशब्द शोधताना वेगवेगळ्या मंडळींनी वेगवेगळे शब्द वापरले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ सुरू केले तेव्हा संस्थेच्या मराठी नावात ‘दलित’ नव्हते, ‘निराश्रित’ होते : भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी. उत्तरेत आर्य समाजाने ‘दलितोद्धार’ हा शब्द रूढ केला. दोन्ही शब्दांत एक समान गोष्ट होती. बोलणारा वर उभा होता आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो खाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर शब्दांच्या बाबतीत किती काटेकोर होते हे त्यांच्या संस्थांच्या आणि नियतकालिकांच्या नावांवरून दिसते. ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ (१९२४), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७). ‘अस्पृश्य’ या शब्दात दोष शिवून घेणाऱ्याच्या अंगी चिकटतो, म्हणजे तो ‘न शिवण्याजोगा’. ‘बहिष्कृत’ म्हटले की लगेच प्रश्न येतो, बहिष्कार टाकला कुणी? दोषाचे बोट दुसरीकडे वळते. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि आर. श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात तर ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावालाच हरकत घेतली होती. हे नाव मानहानिकारक आहे, त्याऐवजी ‘प्रोटेस्टंट हिंदू’, ‘नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू’ असे काही वापरावे, असे त्यांनी सुचवले होते. ती सूचना मान्य झाली नाही, पण नाव कोणते असावे हा प्रश्न त्या काळीही वाटाघाटींच्या टेबलावर होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘हरिजन’ला इतका विरोध का झाला?

सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि त्यानंतर काही महिन्यांत, ११ फेब्रुवारी १९३३ रोजी, गांधीजींच्या ‘हरिजन’ या साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्यातून निघाला. शब्द गांधीजींचा स्वतःचा नव्हता. एका अस्पृश्य वाचकाने तो सुचवला आणि संतकवी नरसी मेहता यांनी तो वापरला होता, असे त्यांनीच लिहिले आहे. हेतू चांगला होता, याविषयी त्या वेळच्या विरोधकांपैकीही अनेकांना शंका नव्हती. तरीही शब्द रुचला नाही. आम्ही हरीचे जन, तर बाकीचे कुणाचे, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. पहिल्या अंकासाठी संदेश मागितला गेला तेव्हा आंबेडकरांनी, जाती आहेत तोवर जातीबाहेरचे राहणारच, या आशयाचे दोन-तीन वाक्यांचे निवेदन पाठवले. नाव गोड केल्याने जात जात नाही, हा त्याचा रोख.

यानंतरचा प्रसंग अधिक बोलका आहे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्ती चर्चेला आली. त्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायदेशीर करण्यात येत होता. स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी त्याला विरोध केला. आमचे नाव आम्हाला न विचारता ठरवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बहुमत काँग्रेसकडे होते. विरोध फेटाळला गेला आणि आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले.

पुढच्या पिढ्यांसाठी ‘हरिजन’ रोजच्या वापरातला झाला. शाळेच्या दाखल्यांवर आला, ‘हरिजन वस्ती’ आली, सरकारी योजनांच्या फलकांवर आला. साठ-सत्तरच्या दशकांत खेड्यातला एखादा सवर्ण म्हातारा ‘हरिजन’ म्हणे ते सभ्यपणा दाखवायला, आणि ऐकणाऱ्या तरुणाला त्याच शब्दात पाणी वरून ओतणारा हात दिसे. केंद्रीय गृह मंत्रालयाने १९८२ मध्ये दाखल्यांवर हा शब्द लिहू नये असे कळवले. २०१७ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘हरिजन’सारखे शब्द आज अपमान करण्यासाठी वापरले जातात, असे म्हटले. गौरवाचा म्हणून आलेला शब्द अपमानाचा ठरायला ८४ वर्षे लागली असे कागदावर म्हणता येईल. ज्यांच्यासाठी तो होता त्यांनी हे पहिल्या पाच वर्षांतच सांगितले होते.

‘दलित’ अभिमानाचा शब्द कधी झाला?

आंबेडकरांच्या हयातीत मराठीत हा शब्द चळवळीत होताच. १९४२ मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनला मराठीत ‘दलित फेडरेशन’ म्हणत. २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन झाले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊ साठे यांनी केले. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. १९६७ पासून औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मिता’ (पुढे ‘अस्मितादर्श’) निघू लागले. जो शब्द दुसऱ्याने दयेने वापरायचा, तो आता लेखक स्वतःबद्दल वापरत होते. फरक एवढाच, पण सगळे काही त्या फरकात होते.

खरा स्फोट १९७२ चा. इलयापेरुमल समितीचा अहवाल संसदेत येऊन गेला होता, त्यात देशभरच्या अत्याचारांची जंत्री होती. इंदापूर तालुक्यातील बावडा गावात बहिष्कार टाकला गेला, परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात दोन महिलांची विटंबना झाली. रिपब्लिकन पक्ष गटबाजीत अडकलेला. अशा वेळी नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेत ‘दलित पँथर’ उभी केली. त्याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन अंकातील ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने महाराष्ट्र ढवळून निघाला.

पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ची व्याख्या केली ती या शब्दाच्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाची जागा. त्यांनी अनुसूचित जाती-जमाती आणि बौद्ध तर घेतलेच, शिवाय कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, धर्माच्या नावाखाली ज्यांचे शोषण होते असे सगळे त्यात घेतले. म्हणजे ‘दलित’ ही जात नव्हे, ती परिस्थिती. ज्याला भरडले जाते तो, आणि भरडणाऱ्याला ओळखतो तो. ‘अत्याचारग्रस्त’ आणि ‘लढणारा’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसवण्याची किमया या पिढीने केली. वरळीच्या दंगलीत (१९७४) आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात ज्यांनी घरे जळताना पाहिली, त्यांच्यासाठी हा शब्द शब्दकोशातला राहिलाच नाही. आज सत्तरीत असलेल्या त्या पिढीसमोर कुणी ‘दलित म्हणू नका, अपमान होतो’ असे सांगितले तर ते चिडतात, आणि त्यांचे चिडणे समजण्यासारखे आहे.

मग आंबेडकरी घरांतच तो नकोसा का झाला?

कारण याच काळात दुसरा एक शब्द त्याच घरात वाढत होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. धर्मांतराचा अर्थच जुने सगळे सोडणे. मग स्वतःला ‘भरडलेला’ म्हणवणे हे मागे वळून पाहणे नाही का? हा प्रश्न बाहेरून कुणी विचारला नव्हता, तो पँथरच्या आतून आला. ढसाळांच्या व्यापक, डावीकडे झुकणाऱ्या व्याख्येशी ढाले सहमत नव्हते. त्यांच्या लेखी बुद्ध आणि आंबेडकर हाच आधार. १९७४ मध्ये संघटना फुटली, १९७७ मध्ये ढाले यांनी ती बरखास्त केल्याचे जाहीर केले आणि ‘मास मूव्हमेंट’ काढली. दुसऱ्या गटाने ‘भारतीय दलित पँथर’ म्हणून ‘दलित’ शब्द चालू ठेवला. साहित्यातही हेच झाले. यशवंत मनोहर यांच्यासारख्या कवी-समीक्षकांनी ‘दलित साहित्य’ऐवजी ‘आंबेडकरवादी साहित्य’ म्हणावे अशी भूमिका घेतली, काहींनी ‘बौद्ध साहित्य’ म्हटले. ‘दलित’मध्ये वेदना येते, विचार येत नाही, असा या मंडळींचा मुख्य आक्षेप.

नव्वदनंतर शिकून शहरात आलेल्या पिढीने हा वाद पुस्तकात वाचला नाही, पण त्यांच्या अनुभवाचा कल तिकडेच होता. वडील कारकून, आई शिक्षिका, मुलगी संगणक अभियंता. तिला ‘दलित’ म्हणताच समोरचा जी कीव दाखवतो ती तिला नको असते. तिला आपली ओळख बाबासाहेबांच्या ग्रंथांतून सांगायची आहे, अत्याचाराच्या बातमीतून नाही. आणि बातम्यांकडे पाहा. गेली चाळीस वर्षे मराठी वृत्तपत्रांत, आमच्याही, हा शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी छापला गेला? दलित तरुणास मारहाण, दलित वस्तीवर हल्ला, दलित महिलेवर अत्याचार. एखाद्याने स्पर्धा परीक्षेत यश मिळवले, कंपनी काढली, तर तेव्हा तो शब्द मथळ्यात सहसा येत नाही. शब्दाला संगत लागते ती अशी.

हे एकसारखे मात्र नाही. त्याच वयाची, त्याच शिक्षणाची दुसरी एखादी तरुणी समाजमाध्यमांवर आपल्या नावापुढे ‘दलित’ अभिमानाने लिहिते. विशेषतः इंग्रजीत वावरणाऱ्या, देशभरच्या किंवा परदेशातील चळवळींशी जोडलेल्या तरुणांना हा शब्द जोडणारा वाटतो. पंजाबचा, तामिळनाडूचा, नागपूरचा असे सगळे एका शब्दात येतात. ‘बौद्ध’ म्हटले की तमिळ मित्राला अर्थ लागत नाही. म्हणजे पिढी हे एक कारण झाले. कोणत्या भाषेत आणि कुणाशी बोलता, हे दुसरे.

‘नवबौद्ध’ किती काळ ‘नव’?

हा प्रश्न सरकारने स्वतःला कधी विचारला नसावा. राज्य सरकारच्या योजनांच्या नावांत ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ हा जोडशब्द आजही सर्रास दिसतो : निवासी शाळा, वस्त्यांचा विकास, शेती पंप. त्यामागे कारण आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळायला १९९० उजाडले. महाराष्ट्राने साठच्या दशकातच राज्यापुरत्या सवलती सुरू केल्या होत्या, त्यासाठी ‘नवबौद्ध’ ही प्रशासकीय चिठ्ठी लावावी लागली. पण १९५६ मध्ये दीक्षा घेतलेल्यांचे पणतू आज महाविद्यालयात आहेत आणि कागदावर ते अजून ‘नव’च आहेत. ज्या शब्दाने एका पिढीला सवलत मिळवून दिली, तोच शब्द चौथ्या पिढीला आपले बौद्ध असणे अर्धे-कच्चे ठरवणारा वाटतो.

मातंग समाजाला हा शब्द कसा दिसतो?

‘दलित’ शब्दाच्या चर्चेत हा भाग बहुतेक वेळा राहून जातो. महाराष्ट्राच्या अनुसूचीत ५९ जाती आहेत. पण राजकारणात, साहित्यात आणि बातमीत ‘दलित’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बौद्ध समाज येतो. पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटक अण्णाभाऊ मातंग समाजातले, तरी आपण या शब्दात मागच्या बाकावर आहोत, ही भावना मातंग, चर्मकार आणि इतर लहान जातींत जुनी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याची मुभा राज्यांना दिली आणि या भावनेला कायद्याची भाषा मिळाली. राज्याने त्यासाठी समितीही नेमली. आरक्षणाचे गणित इथे सोडून देऊ. शब्दाच्या अंगाने पाहिले तर ‘दलित’ने जी व्यापक एकी मागितली होती, तिच्यावर आज तिच्याच घटकांकडून हिशेब मागितला जात आहे.

२०१८ मध्ये नेमके काय झाले?

‘दलित’ हा शब्द घटनेत नाही आणि तो अवमानकारक आहे, असे म्हणणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात होती. मार्च २०१८ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने सरकारी व्यवहारात ‘अनुसूचित जाती’ हाच शब्द वापरावा असे परिपत्रक काढले. जूनमध्ये नागपूर खंडपीठाने, माध्यमांनाही तसे सांगण्याबाबत माहिती व प्रसारण मंत्रालयाने विचार करावा, असे म्हटले. ऑगस्टमध्ये मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना सल्लावजा सूचना पाठवली. बंदी नव्हती, पण अनेक वृत्तकक्षांत ती बंदीसारखीच वाचली गेली. भारतीय प्रेस परिषदेने मात्र वृत्तपत्रांवर असे बंधन घालणे योग्य नाही अशी भूमिका घेतली.

गंमत म्हणजे या सूचनेला सर्वांत ठळक विरोध झाला तो केंद्रातील सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांच्याकडून. ते भारतीय दलित पँथरमधून पुढे आलेले. मंत्रालय एक म्हणत होते, त्याचेच राज्यमंत्री दुसरे. याला राजकीय विसंगती म्हणता येईल, पण ती पिढीची साक्षही होती. त्यांच्या तारुण्यात या शब्दाचा अर्थ जो होता, तो एका परिपत्रकाने जाणार नव्हता.

‘अनुसूचित जाती’ म्हटले तर बिघडते कुठे?

सरकारी अर्जात काहीच बिघडत नाही, तिथे तोच शब्द हवा. ‘दलित’ नावाची जात अनुसूचीत नाही, ‘हरिजन’ नावाचीही नाही. पण दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘अनुसूचित’ म्हणजे फक्त ‘यादीत असलेला’. कुणी, का, काय केले म्हणून यादी करावी लागली, हे त्यात येत नाही. शिवाय यादी धर्माला बांधलेली आहे. ख्रिश्चन झालेल्या पूर्वाश्रमीच्या अस्पृश्याला गावात तीच वागणूक मिळत असली तरी कायद्याने तो अनुसूचित जातीचा नाही. तो ‘दलित ख्रिश्चन’ आहे, आणि त्याच्यासाठी दुसरा शब्द नाही. अशा धर्मांतरितांना दर्जा द्यावा का, हे तपासण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. बातमीतून ‘दलित’ काढून टाकला तर या माणसांविषयी लिहायचे कसे, याचे उत्तर त्या सूचनेत नव्हते. या कारणासाठी तरी, एखाद्या व्यक्तीला तो शब्द नको असेल तर तिच्यासाठी न वापरणे आणि शब्दच मोडीत काढणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात, असे आम्हाला वाटते.

नाव बदलले की हेटाळणी थांबते?

अपंग, विकलांग, दिव्यांग ही वाट आपण नुकतीच चालून आलो आहोत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गावोगावच्या महारवाडा, मांगवाडा यांसारख्या वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पोस्टाच्या पत्त्यावर शिवी असू नये. पण गावात नवा फलक लागल्यावर ‘समतानगरचा’ म्हटले की ऐकणाऱ्याला पुरेसे कळते. केरळ सरकारने २०२४ मध्ये अशा वस्त्यांसाठी ‘कॉलनी’ हा शब्द वापरणे थांबवले. मुंबई-पुण्यात प्रतिष्ठेचा असलेला ‘कॉलनी’ हा शब्द तिथे हेटाळणीचा झाला होता. महाविद्यालयांत तर ‘दलित’ हा शब्द न उच्चारताच काम भागते. ‘कॅटेगरीवाला’, ‘कोट्यातला’, ‘जयभीमवाले’. यातला शेवटचा तर मुळात अभिवादनाचा शब्द आहे.

उलटही घडते. जातीचे नाव घेऊन चारचौघांत शिवी दिली तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो. तेच नाव १९४१ मध्ये उभारलेल्या महार रेजिमेंटच्या गणवेशावर आहे आणि तिथे ते काढा असे कुणी म्हणत नाही. निवृत्त सुभेदाराच्या घरात भिंतीवर लावलेल्या चौकटीत तो शब्द एक असतो, आणि चावडीवर ऐकलेला दुसरा.

मग जनगणनेत आणि दाखल्यावर काय?

इथे भावनेपेक्षा नियम महत्त्वाचे आहेत. अनुसूचित जातींच्या मोजणीत हिंदू, शीख आणि बौद्ध या धर्मांचे लोक येतात, पण त्यासाठी अनुसूचीतील जातीचे नाव सांगावे लागते. ‘बौद्ध’ हा धर्म आहे. ५९ जातींच्या यादीत तो नाही. २०११ मध्ये राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३३ लाख, तर बौद्धांची ६५ लाख ३१ हजार नोंदली गेली. कार्यकर्त्यांना धास्ती दोन्ही बाजूंनी आहे. सवलत जाईल या भीतीने धर्म ‘हिंदू’ सांगितला तर बौद्धांची संख्या घटते, आणि जात सांगायचीच नाही असे ठरवले तर अनुसूचित जातींची. सवलतीसाठी धर्म लपवण्याची गरज १९९० पासून उरलेली नाही, हे अजून अनेक घरांत पोहोचलेले नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांनी जातींची ४६ लाखांहून अधिक वेगवेगळी नावे सांगितल्याचे केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते; १९३१ मध्ये हीच संख्या ४,१४७ होती. ‘दलित’, ‘हरिजन’, ‘जयभीम’ अशी उत्तरे दिली गेली तर ती अशाच ढिगात जाण्याचा धोका आहे.

जात पडताळणीचा अनुभव घेतलेल्यांना यातला पेच वेगळा सांगायला नको. अनुसूचित जातीचा दावा सिद्ध करायला महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधली ओळ. त्या ओळीतला शब्द टाकून देण्यासाठी त्यांनी दीक्षाभूमी गाठली, आणि तोच शब्द शोधायला पणतू तालुक्याच्या शाळेत मुख्याध्यापकांपुढे अर्ज घेऊन उभा राहतो. केंद्राच्या नोकरीसाठी लागणाऱ्या दाखल्यावरही मूळ जातीचे नाव असावे लागते.

जनगणनेत कुटुंबाचा अर्ज एक असला तरी धर्म आणि जात प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र नोंदली जाते. त्यामुळे एकाच घरात आजोबा ‘महार’, वडील ‘बौद्ध, जात महार’ आणि नात ‘बौद्ध, जात नाही’ असे सांगू शकतात, आणि तीनही उत्तरे तशीच नोंदली जातील. फक्त घरी जो प्रगणकासमोर बसतो, तोच बहुधा सगळ्यांच्या वतीने बोलतो. तेव्हा कोण काय सांगणार हे आधी आपसात बोलून ठेवलेले बरे.